आधी गोळी ठरवा, मग रायफल

सेमी-ऑटोमॅटिक रायफल घ्यायचा विचार सुरू झाला की बोलणं पहिल्या पाच मिनिटांत कंपनीच्या नावावर जातं. मग स्कोप, मग दस्ता, मग पट्टा. नळीत कुठली गोळी घालणार, हा विषय बऱ्याचदा पैसे मोजून झाल्यावर निघतो. मला हा क्रम पूर्ण उलटा करावासा वाटतो. गोळी कशावर, किती अंतरावरून आणि कोणत्या कामासाठी लागायला हवी, हे आधी ठरवायचं. त्यावरून गोळी ठरते, गोळीवरून काडतूस, काडतुसावरून नळी आणि नळीतला पीळ. एवढं झालं की उरलेल्या रायफलबद्दल वाद घालण्यासारखं फारसं काही शिल्लक राहत नाही.

चाप एकदा, गोळी एक

सेमी-ऑटोमॅटिकमध्ये चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. पुढची गोळी सोडायची तर बोट सैल करून चाप पुन्हा ओढावा लागतो. चाप दाबून धरल्यावर गोळ्यांची सर सुटते ती फुल ऑटोमॅटिक. ते लष्करी हत्यार आहे, शिकारीशी किंवा नेमबाजीशी त्याचा संबंध नाही. सेमी-ऑटो रायफल आपल्यासाठी करते ते एवढंच: रिकामी पुंगळी बाहेर फेकते, मॅगझिनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसायच्या जागेत) सारते आणि आतली हातोडी पुन्हा ताणून ठेवते. बोल्ट ॲक्शन रायफलमध्ये हेच काम आपण हाताने, बोल्टची, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या पोलादी तुकड्याची, दांडी उचलून मागे-पुढे करून करतो.

या सगळ्यासाठी लागणारी ताकद सुटणाऱ्या गोळीच्या दारूतूनच मिळते. .२२ रिमफायर (बुडाच्या कडेवर मार बसून पेटणारं, साधारण .२२ इंच व्यासाच्या गोळीचं छोटं काडतूस) रायफलींमध्ये सर्वांत साधी पद्धत असते. तिथे बोल्टला कुलूप नसतंच. तो फक्त स्वतःच्या वजनाने आणि स्प्रिंगच्या जोराने बंद राहतो. दाब त्याला मागे ढकलतो खरा, पण जड असल्यामुळे तो उघडेपर्यंत हलकी गोळी नळीबाहेर गेलेली असते. विंचेस्टरने १९०३ मध्ये आणलेली .२२ अशी होती आणि १९६४ पासून आजतागायत विकली जाणारी रुगर १०/२२ही अशीच आहे. जोरकस काडतुसांना हे चालत नाही. तिथे बोल्ट कुलूपबंद ठेवावा लागतो आणि दाब उतरल्यावरच उघडावा लागतो. १९०६ साली रेमिंग्टनने बाजारात आणलेल्या, जॉन ब्राउनिंग यांनी रचलेल्या शिकारी रायफलमध्ये नळी आणि बोल्ट दोन्ही मिळून धक्क्याने मागे सरकत.

आज बहुतेक ठिकाणी गॅसची पद्धत दिसते. नळीला एक बारीक भोक असतं. गोळी त्याच्या पुढे सरकली की मागून येणारा थोडा गॅस त्यातून वळवला जातो आणि त्याच्या जोरावर बोल्ट उघडतो. काही रायफलींमध्ये हा गॅस पिस्टनला ढकलतो. यूजीन स्टोनर यांनी १९५० च्या दशकात आर्मालाइट कंपनीसाठी केलेल्या रचनेत, म्हणजे पुढे एआर-१५ म्हणून जगभर गेलेल्या रायफलीत, तो एका बारीक नळीतून थेट बोल्टच्या वाहकापर्यंत येतो. पिस्टनवाली रायफल आतून कमी काळवंडते. थेट गॅसवाली वजनाला हलकी असते आणि तिच्या नळीवर हलणारे जड भाग नसतात. फक्त अचूकतेचा विचार केला तर माझा कौल थेट गॅसला.

गॅसचं भोक नळीवर नेमकं कुठे आहे, याकडेही लक्ष द्यावं. ते चेंबरच्या फार जवळ असेल तर गॅस जास्त दाबाने आणि लवकर येतो, बोल्ट घाईने उघडतो आणि धक्का खरखरीत लागतो. म्हणून १६ ते १८ इंची नळीवर आखूड ‘कार्बाइन’ लांबीच्या गॅसपेक्षा मध्यम लांबीचा गॅस जास्त सुखाचा. २० इंची नळी असेल तर पूर्ण ‘रायफल’ लांबीचा.

गोळी सुटताना सेमी-ऑटो रायफलचे भाग हलतात म्हणून ती अचूक नसते, असं बरेचदा ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. गोळी नळीतून बाहेर पडायला साधारण एक मिलिसेकंद लागतो आणि बोल्टची खरी धावपळ त्यानंतर सुरू होते. अचूकतेत कमी पडते ती दुसऱ्या कारणांनी. काडतूस मॅगझिनमधून वेगाने वर येतं आणि गोळीचं टोक कुठेतरी घासतं. काडतुसाची लांबी मॅगझिनला बांधलेली असते. एआर-१५ मध्ये ती सुमारे ५७ मिलिमीटरवर अडते, त्यामुळे फार लांब, निमुळत्या गोळ्या बसतच नाहीत. तिसरं कारण नेमबाजाला प्रत्यक्ष जाणवतं. हातोडी मोठा कंस घेत पडते, म्हणून चाप सुटल्यापासून दारू पेटेपर्यंतचा क्षण चांगल्या बोल्ट ॲक्शनपेक्षा लांबतो. त्या क्षणात खांदा सैल पडला की गोळी तिकडे गेलीच. यावर उपाय सवयीचा आहे. गोळी सुटल्यावरही बोट मागे दाबलेलं ठेवायचं आणि धक्का बसून क्रॉसहेअर (स्कोपमधली नेम धरायची फुली) परत जागेवर येईपर्यंत नजर काढायची नाही.

आणि हेही स्पष्ट सांगतो: लांबून, एकाच मोठ्या जनावरावर, एकच गोळी टाकायची एवढाच हेतू असेल, तर साधी बोल्ट ॲक्शन रायफल कमी खर्चात, कमी वजनात आणि कमी कटकटीत जास्त अचूक काम देते. सेमी-ऑटोचा फायदा दिसतो तो जिथे धक्का कमी हवा, दुसरी गोळी पटकन हाताशी हवी किंवा एका बैठकीत भरपूर गोळ्या झाडून सराव करायचा आहे तिथे. पिकात घुसणाऱ्या रानडुकरांचा कळप, ठरावीक वेळेत ठरावीक गोळ्या मारायच्या स्पर्धा आणि .२२ वरचा रोजचा सराव ही तिची हक्काची कामं.

काम काय, त्यावर काडतूस

आकड्यांवरून कल्पना येईल. .२२ एलआर (लाँग रायफल) हे १८८७ पासूनचं छोटं काडतूस. त्यातली ४० ग्रेनची गोळी नळीच्या तोंडाशी साधारण दीडशे ज्यूल ऊर्जा घेऊन निघते. (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप आहे; साडेपंधरा ग्रेन म्हणजे जवळपास एक ग्रॅम.) .२२३ रेमिंग्टनची ५५ ग्रेनची गोळी सुमारे १,७०० ज्यूल घेऊन निघते. ६.५ क्रीडमूर (इथला आकडा मिलिमीटरमधला) तीन हजारांच्या वर जातं आणि .३०८ विंचेस्टर साडेतीन हजारांच्या आसपास.

कागदावर भोकं पाडायची तर दीडशे ज्यूलही भरपूर झाले. ऑलिंपिकमधली ५० मीटर रायफल .२२ चीच असते, तीही एकेक गोळी हाताने भरायची, आणि तिथे दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं असतं. म्हणून नवख्याने सुरुवात .२२ च्या सेमी-ऑटोपासून करावी, या मतावर मी ठाम आहे. धक्का नाही, आवाज कमी, दारूगोळा स्वस्त. चाप ओढताना डोळे मिटायची खोड लागायच्या आतच मोडता येते.

२०० ते ६०० यार्डांवरच्या कागदी लक्ष्यासाठी .२२३ उत्तम. लहान, सशाएवढ्या किंवा कोल्ह्याएवढ्या प्राण्यांसाठीही ते पुरतं. हरणासाठी मात्र अनेक ठिकाणी कायद्यानेच ते चालत नाही. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात मोठ्या शिकारीसाठी गोळीचा व्यास किमान .२४ इंच लागतो, म्हणजे .२२३ आपोआप बाद. एआर-१५ च्या चौकटीत राहूनच मोठी गोळी हवी असेल तर ६.५ ग्रेंडेल किंवा .३०० ब्लॅकआउट. त्याहून मोठं हवं असेल तर एआर-१० च्या मापाची जड रायफल लागते आणि त्यात .३०८ किंवा ६.५ क्रीडमूर येतं. .३०८ हे १९५२ चं काडतूस, दारूगोळा सगळीकडे मिळणारं आणि नळी दीर्घकाळ टिकवणारं. ६.५ क्रीडमूर २००७ मध्ये हॉर्नेडी या दारूगोळा कंपनीने लांब पल्ल्याच्या स्पर्धांसाठी आणलं. त्याची गोळी सडपातळ असल्याने वाऱ्याने कमी वाहवते आणि धक्काही थोडा सौम्य. दोनांतलं एक निवडायचं तर मी लांबच्या कागदासाठी क्रीडमूर घेईन आणि जंगलासाठी .३०८.

.३०० ब्लॅकआउटबद्दल एक सावधगिरी, आणि ही जिवावरची आहे. ते .२२३ च्याच पुंगळीपासून तयार झालेलं असल्याने त्याच मॅगझिनमध्ये बसतं. ब्लॅकआउटचं काडतूस चुकून .२२३ च्या रायफलीत गेलं तर काही वेळा बोल्ट पूर्ण बंदही होतो. मग जाड गोळी बारीक नळीत शिरायला बघते आणि रायफल फुटते. दोन्ही रायफली एका घरात असतील तर मॅगझिनचे रंग वेगळे ठेवावेत आणि दोन्ही काडतुसं एका टेबलावर एकाच वेळी काढू नयेत.

असाच एक गोंधळ .२२३ रेमिंग्टन आणि ५.५६ नाटो यांचा. बाहेरून दोन्ही काडतुसं जवळजवळ सारखी. फरक चेंबरमध्ये आहे. ५.५६ च्या चेंबरमध्ये गोळी आट्यांना (नळीत आतून कोरलेल्या सर्पिल खाचांना) भिडण्याआधी जास्त मोकळी जागा असते. .२२३ च्या आखूड जागेत ५.५६ चं काडतूस झाडलं तर दाब धोक्याइतका वाढू शकतो. उलटं केलं तर धोका नाही, फक्त अचूकता थोडी घटते. या दोहोंचा मध्य साधणारं चेंबर म्हणजे ‘.२२३ वाइल्ड’. दोन्ही काडतुसं सुरक्षित चालतात आणि गोळी नीट मध्यावर राहते. नळीवर काय कोरलंय ते वाचल्याशिवाय दारूगोळा घेऊ नये.

गोळीची आतली घडण

वजन आणि वेग सगळे विचारतात. गोळी आतून कशी बनली आहे हे फार थोडे विचारतात, आणि शिकारीत खरा फरक तिथेच पडतो. स्पर्धेच्या ‘मॅच’ गोळीच्या टोकाला बारीक भोक दिसतं, पण ते बनवण्याच्या पद्धतीमुळे राहिलेलं असतं, फुलण्यासाठी नसतं. अशी गोळी कागदावर सुंदर गट पाडते, म्हणजे सगळी भोकं जवळजवळ पडतात. जनावराच्या अंगात ती कधी आरपार जाते, कधी तुकडे होऊन विखुरते, त्याचा भरवसा नाही. पूर्ण आवरणाची लष्करी गोळी तर बहुतेक ठिकाणी शिकारीला मनाईच आहे. ती बारीक भोक पाडून निघून जाते आणि जखमी जनावर तडफडत दूर कुठेतरी मरतं. शिकारीसाठी टोक फुलणारी, पण बुडाशी एकसंध राहणारी गोळी लागते.

शिशाच्या गोळीचे बारीक कण मांसात आणि टाकून दिलेल्या आतड्यांत राहतात. ते खाऊन गिधाडांसारखे पक्षी विषबाधेने मरतात. कॅलिफोर्नियाने याच कारणाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाचा दारूगोळा पूर्ण बंद केला. त्याऐवजी निव्वळ तांब्याच्या गोळ्या वापरतात. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब असते. आणि लांबी वाढली की नळीचा पीळ बदलावा लागतो.

पीळ

नळीच्या आत सर्पिलाकार आटे कोरलेले असतात. त्यांतून जाताना गोळीला गिरकी मिळते आणि फिरता भोवरा जसा टोकावर उभा राहतो तशी ती हवेत नाक पुढे करून स्थिर जाते. आटे किती लांबीत एक पूर्ण वेढा घेतात, त्याला पिळाचं माप म्हणतात. १:८ म्हणजे आठ इंचांत एक वेढा. ९०० मीटर प्रतिसेकंद वेगाची गोळी अशा नळीतून मिनिटाला अडीच लाखांहून जास्त फेऱ्या घेत बाहेर पडते.

पीळ गोळीच्या वजनावर ठरतो असं सर्रास म्हटलं जातं. तो खरं तर लांबीवर ठरतो. जॉर्ज ग्रीनहिल या ब्रिटिश गणितज्ञाने १८७९ मध्ये एक सोपं सूत्र दिलं: १५० ला व्यासाच्या वर्गाने गुणायचं आणि गोळीच्या लांबीने भागायचं, सगळं इंचांत. .२२३ च्या गोळीचा व्यास .२२४ इंच. ५५ ग्रेनची गोळी साधारण पाऊण इंच लांब, तर उत्तर येतं दहा इंचांत एक वेढा. ७७ ग्रेनची स्पर्धेची गोळी जवळपास एक इंच लांब. तिला साडेसात इंचांत एक वेढा हवा. दीडशे वर्षांपूर्वीचं हे सूत्र ढोबळ आहे, आज याहून बारीक हिशेब करतात. तरी नळी निवडताना दिशा बरोबर दाखवतं.

पीळ कमी पडला की काय होतं ते कागदावर ढळढळीत दिसतं. गोल भोकाऐवजी लांबट, कुलपाच्या किल्लीच्या भोकासारखी फट पडलेली असते, कारण गोळी आडवी होऊन कागदातून गेलेली असते. सुरुवातीच्या एआर-१५ ला १४ इंचांत एक वेढा होता. कडाक्याच्या थंडीत हवा दाट होते, दाट हवेत गोळीला जास्त गिरकी लागते, आणि तिथे ही नळी कमी पडली. पीळ १२ इंचांवर आणला गेला. पुढे लांब, जड गोळ्या आल्यावर एम-१६ए२ या अमेरिकी लष्करी रायफलीत तो थेट सात इंचांवर आला. आज .२२३ मध्ये सगळ्या कामांना एकच नळी हवी असेल तर १:८ घ्यावी. ५५ पासून ७७ ग्रेनपर्यंतच्या गोळ्या ती सांभाळते.

नळीवर पैसे घाला

रायफलीवरचा मोठा खर्च एकाच ठिकाणी करायचा असेल तर तो नळीवर करावा. स्टेनलेस स्टीलची चांगली नळी सुरुवातीला सर्वांत अचूक मारते. क्रोमचा आतून मुलामा दिलेली नळी गंजाला आणि झिजेला जास्त तोंड देते, पण मुलामा सगळीकडे एकसारखा बसवणं अवघड असल्याने अचूकता थोडी मागे राहते. नायट्राइड प्रक्रिया केलेली नळी या दोहोंच्या मध्ये. जंगलात, पावसात फिरणाऱ्याला नायट्राइड किंवा क्रोम. रेंजवर बसून मारणाऱ्याला स्टेनलेस.

लांब नळी जास्त अचूक असते, हा समज काढून टाकायला हवा. लांबीने वेग वाढतो, अचूकता वाढत नाही. एक इंच लांबीमागे साधारण सात-आठ मीटर प्रतिसेकंदांचा फरक पडतो. अचूकतेवर परिणाम होतो तो जाडीचा. पातळ नळी चार-पाच गोळ्यांत तापते आणि तापल्यावर मारा सरकू लागतो. जाड नळी उष्णता शोषून घेते, पण दिवसभर खांद्यावर वागवताना जीव काढते. शिकाऱ्याला पहिल्या दोन गोळ्यांशी मतलब, त्याने पातळ घ्यावी. स्पर्धकाला वीस गोळ्या एकाच जागी हव्यात, त्याने जाड घ्यावी. ‘दोन्हीला चालेल’ अशी रायफल शोधणाऱ्याला शेवटी मध्यम जाडीची, १८ इंची नळी परवडते.

पुढची मूठ नळीला कुठेही चिकटलेली नसावी, फक्त मागे रिसीव्हरला (बोल्ट ज्यात चालतो त्या मधल्या सांगाड्याला) बसवलेली असावी. याला फ्री-फ्लोट म्हणतात. मूठ नळीला टेकलेली असेल तर पट्टा ताणला किंवा रायफल आधारावर ठेवली की नळी किंचित वाकते आणि मारा सरकतो.

जुळवाजुळवीबद्दल: पहिली रायफल पूर्ण जोडलेली, कारखान्यात तपासलेली घ्यावी. बोल्ट बंद झाल्यावर काडतुसाला चेंबरमध्ये किती जागा उरते, हे माप केसाएवढं चुकलं तरी पुंगळी फाटून तोंडाजवळ गरम गॅस उसळू शकतो. म्हणून नळी किंवा बोल्ट बदलायचा असेल तर ते काम गेज लावून पाहणाऱ्या परवानाधारक गनस्मिथचं. शिवाय अनेक देशांत नळी, बोल्ट, रिसीव्हर हे सुटे भागही शस्त्रच मानले जातात. ते घेताना-देताना परवाना लागतो.

चाप, दस्ता, स्कोप

लष्करी धाटणीचा चाप जड आणि खरखरीत असतो. तो बदलला तर बहुतेकांचा गट त्याच दिवशी आवळतो. दोन टप्प्यांचा चाप मला जास्त पटतो: पहिला टप्पा सैल, मग एक स्पष्ट भिंत लागते आणि तिथून थोड्या दाबाने गोळी सुटते. कागदासाठी सव्वा-दीड किलोचा दाब पुष्कळ. शिकारीत, थंडीने बोटं बधिर झालेली किंवा हातमोजे घातलेले असताना, दोन किलोच्या खाली जाऊ नये. अमेरिकेतल्या सर्व्हिस रायफल स्पर्धांमध्येही किमान साडेचार पौंडांची, म्हणजे दोन किलोंहून किंचित जास्तीची अट आहे.

दस्त्याची लांबी अशी हवी की रायफल खांद्याला लावून गाल टेकवला की मान न ताणता डोळा स्कोपच्या मध्यावर यावा. त्यासाठी डोळे मिटून रायफल खांद्याला लावा आणि मग उघडा. स्कोपच्या कडेला काळी चंद्रकोर दिसली तर दस्ता किंवा स्कोपची जागा चुकली आहे.

स्कोपमध्ये मोठा आकडा घ्यायचा मोह सगळ्यांना होतो. पुढच्या भिंगाच्या व्यासाला वर्धनाने भागलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. ३-९×४० च्या (तीन ते नऊ पटी, ४० मिलिमीटरचं भिंग) स्कोपमध्ये नऊ पटींवर ती साडेचार मिलिमीटर भरते. संधिप्रकाशात, जेव्हा जनावरं बाहेर पडतात, तेव्हा हे पुरतं; पण त्याच भिंगावर सोळा पटी केल्या तर अडीच मिलिमीटर आणि चित्र अंधारतं. शिकारीला तीन ते नऊ पटी, दाट झाडीत एक ते सहा, कागदावर चार ते सोळा.

अचूकतेचं माप ‘मिनिट ऑफ अँगल’ हे आहे, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर तो २.९ सेंटिमीटर भरतो. स्कोपच्या बटणाची एक टिचकी सहसा पाव मिनिटाची, म्हणजे १०० मीटरवर सात मिलिमीटर. हरणाचा हृदय-फुप्फुसांचा भाग वीस-पंचवीस सेंटिमीटरचा असतो. दोन मिनिटांची रायफल २०० मीटरवर बारा सेंटिमीटरच्या आत मारते, म्हणजे शिकारीला ती पुष्कळ झाली. तिथे कमी पडतो तो बसून, गुडघ्यावर, धापा टाकत नेम धरणारा माणूस. सराव त्याच अवस्थांचा करावा.

झिरो आणि गोळीची घसरण

गोळी नळीतून निघताक्षणी खाली पडू लागते. सेकंदाच्या दहाव्या भागात पाच सेंटिमीटर, दोन दशांशात वीस, चार दशांशात जवळपास ऐंशी. त्यामुळे नळी नजरेच्या रेषेपेक्षा किंचित वर रोखलेली असते आणि ठरावीक अंतरावर गोळी नजरेच्या रेषेला भेटते. त्या अंतराला झिरो म्हणतात. साडेआठशे मीटर वेगाची गोळी १०० मीटरवर झिरो केली तर २०० वर ती साधारण तेरा सेंटिमीटर खाली लागते आणि ३०० वर अर्धा मीटर. उलट दहा मीटरवरही ती तीन-चार सेंटिमीटर खालीच लागते, कारण स्कोप नळीच्या वर बसलेला असतो. आपल्या रायफलीचे हे आकडे स्वतः मारून, लिहून, दस्त्यावर चिकटवून ठेवावेत.

झिरो करताना तीन गोळ्यांच्या गटावर विश्वास ठेवू नये. तीन गोळ्या नशिबाने नाण्याएवढ्या जागेत पडतात आणि माणूस ते कागद जपून ठेवतो. त्याच रायफलीतून दहा गोळ्या मारल्या की गट दुप्पटही भरू शकतो, आणि खरी रायफल तीच. दहा गोळ्यांचा मध्य काढून तेवढ्या टिचक्या फिरवाव्यात. शिकाऱ्याने आणखी एक नोंद वेगळी ठेवावी: रात्रभर थंड पडलेल्या नळीतून सुटलेली पहिली गोळी कुठे लागते. काही नळ्या पहिली गोळी थोडी बाजूला टाकतात, आणि जंगलात बहुधा तीच एक गोळी मिळते.

हाताळताना

सेमी-ऑटो रिकामी करण्याचा क्रम चुकवायचा नाही. आधी मॅगझिन काढायचं, मग बोल्ट मागे ओढून चेंबरमधलं काडतूस बाहेर काढायचं, मग चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं आणि बोट घालून चाचपायचं. उलटं केलं तर बोल्ट मॅगझिनमधलं पुढचं काडतूस आत नेतो आणि रिकामी समजलेली रायफल भरलेली असते.

एआर-१५ मध्ये चेंबरमध्ये गेलेलं काडतूस न झाडता बाहेर काढा आणि त्याचं बूड उजेडात धरा. प्रायमरच्या (बुडातल्या, मार बसताच पेटणाऱ्या टोपीच्या) मध्यभागी सुईने टोचल्यासारखा बारीक ठिपका दिसेल. फायरिंग पिनला (प्रायमरवर आदळणाऱ्या सुईला) मागे धरणारी स्प्रिंग नसते, त्यामुळे बोल्ट बंद होताना ती पुढे सरकून प्रायमरला हलकी टिचकी मारते. एकदा पडलेल्या ठिपक्याने काही होत नाही. पण तेच काडतूस रोज भरायचं, रोज काढायचं असं करू नये, आणि बोल्ट सोडताना नळीचं तोंड कायम सुरक्षित दिशेला असावं.

मोठ्या काडतुसाच्या रायफलीचा आवाज १४० डेसिबलच्या बराच वर जातो, आणि एकाच बाराने कान कायमचे बाधू शकतात. .२२ ची गोळी दीड मैल जाते असं तिच्या डब्यावरच छापलेलं असतं. .३०८ ची त्याहून कितीतरी लांब. लक्ष्यामागे मातीचा बांध दिसत नसेल तर चाप ओढायचा नाही.

कायदा

ब्रिटनने १९८८ मध्ये .२२ रिमफायर सोडून बाकी सेमी-ऑटो रायफलींवर बंदी घातली. ऑस्ट्रेलियाने १९९६ मध्ये आणि न्यूझीलंडने २०१९ मध्ये नियम कडक केले. युरोपात अनेक ठिकाणी शिकारीसाठी दोनपेक्षा जास्त गोळ्या मावणारं मॅगझिन सेमी-ऑटोला चालत नाही. कोलोराडोत चेंबर धरून सहा गोळ्यांची मर्यादा आहे. अमेरिकेत १६ इंचांपेक्षा आखूड नळीच्या रायफलीला १९३४ च्या संघीय कायद्यानुसार वेगळी नोंदणी लागते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा प्रश्न सहसा उद्भवत नाही; इथे हा सगळा विषय रेंजपुरता उरतो आणि तिथेही परवाना १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली. नळीची लांबी, मॅगझिनची क्षमता आणि गोळीचा व्यास हे तिन्ही आकडे आपल्या इथल्या नियमांत बसतात का, हे काडतूस ठरवतानाच लिहून काढावं. रायफल घरी आल्यावर यातली एकही गोष्ट स्वस्तात बदलता येत नाही.